विश्लेषण : जनुकीय कात्री तयार आहे, पण ती सिकलसेल रुग्णाच्या पेशीपर्यंत नेणार कशी?

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावर ‘बिरसा १०१’ हा देशी जनुकीय उपचार विकसित झाल्याची घोषणा केंद्र सरकारने १९ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत केली. ‘सीएसआयआर’च्या ‘आयजीआयबी’ या संस्थेत तो विकसित झाला असून त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात येत आहे. बिरसा मुंडा यांच्या दीडशेव्या जयंतीच्या वर्षात आलेल्या या बातमीत ‘क्रिस्पर’ या जनुकीय कात्रीचे कौतुक भरपूर झाले. मात्र ही कात्री पेशीच्या आत न्यायची कशी, हा प्रश्न मागेच राहिला. उपचार कोणत्या रुग्णालयात देता येईल, किती रुपयांत पडेल आणि त्यात जोखीम किती असेल, हे बऱ्याच अंशी याच प्रश्नावर ठरते. विषाणूचा आधार न घेता जनुकीय औषध पेशीत पोहोचवण्याच्या पद्धतींकडे म्हणूनच जगाचे लक्ष लागले आहे.

कळंबचा याच्याशी काय संबंध?

यवतमाळहून वर्ध्याकडे निघाले की वीस-बावीस किलोमीटरवर कळंब लागते. धाराशिव जिल्ह्यातले कळंब वेगळे. हे चिंतामणीचे कळंब. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला, तेव्हा हे गाव बातम्यांत होते. तालुक्यात कापूस-सोयाबीनची शेती आहे आणि गोंड, परधान, कोलाम यांची वस्ती आहे. कोलाम ही कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक.

सिकलसेल हा शब्द या पट्ट्यात समजावून सांगावा लागत नाही. ‘एएस पॅटर्न’ म्हणजे वाहक आणि ‘एसएस पॅटर्न’ म्हणजे रुग्ण, हे घराघरांत ठाऊक आहे. विदर्भात हा आजार आदिवासींत, अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गातील काही समाजांतही आढळतो. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाली. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलबद्दल लिहिले. म्हणजे विदर्भाला या आजाराची शास्त्रीय ओळख होऊन सहा दशकांहून अधिक काळ लोटला आहे.

आजाराचे मूळ अगदी लहान आहे. अकराव्या गुणसूत्रावरील बीटा ग्लोबिन जनुकात एका अक्षराची अदलाबदल होते. त्यामुळे हिमोग्लोबिनमध्ये ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. प्राणवायू कमी झाला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून दांड्या तयार करते आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही पेशी दहा-वीस दिवसांत मोडते. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडे-सांधे असह्य दुखतात, प्लीहेला इजा होते, काहींना लहान वयातच पक्षाघात होतो. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते.

कळंबच्या रुग्णासाठी गावात ग्रामीण रुग्णालय आहे. दुखणे वाढले तर एका बाजूला यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि दुसऱ्या बाजूला वर्ध्याजवळचे सेवाग्राम व सावंगी. अस्थिमज्जा प्रत्यारोपणासारख्या उपचारासाठी याहून लांब, मोठ्या शहरात जावे लागते. उपचाराची ‘वाहतूक’ हा शब्द इथे दोन अर्थांनी महत्त्वाचा आहे. औषध पेशीपर्यंत कसे जाणार, हा एक अर्थ. रुग्ण औषधापर्यंत कसा जाणार, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बदलले की दुसऱ्याचेही बदलते.

जनुकीय उपचारात वाहन कशाला लागते?

गोळी पोटात विरघळते, तिचे छोटे रेणू रक्तातून पेशीत शिरतात. डीएनए किंवा आरएनए यांचे तसे नाही. हे रेणू लांबलचक असतात आणि त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. पेशीचे आवरण स्निग्ध असल्याने ते त्यांना आत घेत नाही. शिवाय रक्तात त्यांचे तुकडे करणारी विकरे कायम तयार असतात. नुसता आरएनए शिरेतून दिला तर तो इच्छित स्थळी पोहोचण्यापूर्वीच नष्ट होतो. म्हणून त्याला वेष्टन हवे, पत्ता हवा आणि दार उघडण्याची युक्ती हवी.

निसर्गात हे काम विषाणू कोट्यवधी वर्षे करत आले आहेत. शास्त्रज्ञांनी त्यांच्यातील रोगकारक भाग काढला, तिथे उपयोगी जनुक बसवले आणि त्यांना टपालवाला बनवले. २०२१ मध्ये महाराष्ट्रात एका चिमुकलीसाठी लोकवर्गणीतून गोळा केलेल्या ‘१६ कोटींच्या इंजेक्शन’ची आठवण अनेकांना असेल. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीवरील त्या इंजेक्शनमध्येही एएव्ही नावाचा विषाणूच वाहन होता.

मग विषाणू नको का?

तसे सरसकट म्हणता येत नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या ‘नेक्सकार१९’ या रक्तकर्करोगावरील उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात लेंटीव्हायरस वापरला जातो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हिमोफिलिया-ए असलेल्या पाच रुग्णांवर केलेल्या उपचाराचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथेही लेंटीव्हायरसच होता. दोन्हींनी देशातील जनुकीय उपचारांना बळ दिले.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या चाचणीत एका १८ वर्षांच्या तरुणाचा अॅडिनोव्हायरसला शरीराने दिलेल्या तीव्र प्रतिक्रियेमुळे मृत्यू झाला. त्यानंतर फ्रान्समध्ये जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर उपचार झाले. मुलांची प्रतिकारशक्ती सुधारली, पण वाहन म्हणून वापरलेला विषाणू गुणसूत्रात चुकीच्या जागी जाऊन बसल्याने काहींना रक्ताचा कर्करोग झाला. या दोन घटनांनी हे क्षेत्र अनेक वर्षे मागे नेले.

दुसरी अडचण जागेची. एएव्हीमध्ये सुमारे ४,७०० अक्षरांएवढाच मजकूर मावतो. क्रिस्परमधील कॅस-९ या प्रथिनाचे जनुकच चार हजार अक्षरांहून मोठे आहे. त्याला लागणारे बाकीचे सामान ठेवायला जागा उरत नाही. तिसरी अडचण अशी की शरीर एकदा विषाणू ओळखायला शिकले की दुसरी मात्रा देणे अवघड. पहिला प्रयत्न कमी पडला तर पुन्हा प्रयत्न नाही. अनेकांच्या रक्तात आधीच्या संसर्गामुळे प्रतिपिंडे असतात. त्यांना पहिली मात्राही लागू पडत नाही. चौथी अडचण उत्पादनाची. विषाणू जिवंत पेशींत वाढवावे लागतात आणि प्रत्येक घाण्याची कसून तपासणी करावी लागते.

विषाणूविना जनुक आत कसे जाते?

याचे एक उदाहरण कळंबच्या काळ्या जमिनीतच उभे आहे. देशात बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्या पहिल्या वाणात बोंडअळीविरोधी जनुक मातीतल्या एका जिवाणूच्या मदतीने घातले होते. २००६ मध्ये दोन जनुकांचे ‘बोलगार्ड-२’ आले. त्यातील दुसरे जनुक अक्षरशः बंदुकीने मारून बसवलेले आहे. धातूच्या अतिसूक्ष्म कणांवर डीएनएचा लेप द्यायचा आणि ते प्रचंड वेगाने वनस्पतीच्या पेशींवर सोडायचे, अशी ही ‘जीन गन’. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात जॉन सॅनफोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात ती तयार केली. यवतमाळच्या शेतकऱ्यांनी बीटीचे फायदे आणि तोटे दोन्ही पाहिले आहेत, तो वाद वेगळा. पण विषाणू न वापरता जनुक पेशीत घातले जाते, ही गोष्ट या जिल्ह्याच्या शिवारात वर्षानुवर्षे पिकते आहे.

कपाशीत मात्र एक सोय असते. हजारो पेशींवर मारा करायचा, त्यातली एक नीट बदललेली पेशी निवडायची, तिच्यापासून रोप वाढवायचे आणि बाकीच्या फेकून द्यायच्या. माणसाच्या बाबतीत असे करता येत नाही. त्याच्यासाठी हळुवार आणि अचूक पद्धती हव्यात.

त्यातील पहिली विजेची. पेशी द्रावात ठेवून तिला क्षणभर विद्युत झटका दिला की तिच्या आवरणाला सूक्ष्म छिद्रे पडतात आणि ती लगेच बुजतात. तेवढ्या वेळात बाहेरचे सामान आत शिरते. याला इलेक्ट्रोपोरेशन म्हणतात. एबरहार्ड न्यूमन आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये उंदराच्या पेशींत या मार्गाने जनुक घालून दाखवले. झटका जास्त झाला तर पेशी मरते, कमी झाला तर काहीच आत जात नाही. शिवाय अस्थिमज्जेतल्या अब्जावधी पेशींना रुग्णाच्या शरीरातच असा झटका देणे शक्य नाही. त्या आधी बाहेर काढाव्या लागतात.

दुसरी पद्धत चरबीच्या कणांची. करोनाकाळात ‘एमआरएनए’ लशींमुळे ती सर्वांना माहीत झाली, निदान नावाने. चार प्रकारचे स्निग्ध घटक एकत्र करून सुमारे शंभर नॅनोमीटरचा गोळा बनवतात आणि आरएनए त्यात गुंडाळतात. केसाच्या जाडीत असे शेकडो गोळे ओळीने बसतील. त्यातील मुख्य घटकाची खुबी अशी की तो रक्तात तटस्थ असतो. पेशीने गोळा गिळून आपल्या आम्लधर्मी पिशवीत टाकला की मात्र तो धनभारित होतो, पिशवी फोडतो आणि आरएनए बाहेर सोडतो. हे ऐकायला नामी वाटते. प्रत्यक्षात बहुतांश माल त्या पिशवीतच अडकून नष्ट होतो आणि थोडाच कामी येतो. तरीही तेवढा पुरतो, हे २०१८ मध्ये मंजूर झालेल्या ‘पॅटिसिरान’ या आनुवंशिक मज्जाविकारावरील औषधाने दाखवून दिले.

तिसरी पद्धत साखरेच्या चिठ्ठीची. छोट्या आरएनएला एक विशिष्ट साखर जोडली की यकृताच्या पेशी तिला ओळखून आत घेतात. कोलेस्टेरॉल कमी करणारे ‘इन्क्लिसिरान’ हे वर्षातून दोनदा घ्यायचे इंजेक्शन याच तत्त्वावर चालते आणि ते भारतातही उपलब्ध आहे. मात्र ते जनुक बदलत नाही, त्याचा आवाज काही महिने बंद ठेवते.

सिकलसेलच्या उपचारात यातले काय वापरले?

वीज. ‘कॅसजेव्ही’ या जगातील पहिल्या क्रिस्पर उपचाराला ब्रिटनने १६ नोव्हेंबर २०२३ रोजी आणि अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ रोजी सिकलसेलसाठी मंजुरी दिली. त्यात रुग्णाच्या रक्तनिर्मिती करणाऱ्या मूळपेशी बाहेर काढतात आणि विजेच्या झटक्याने कॅस-९ प्रथिन व दिशादर्शक आरएनए त्यांच्यात घालतात. काम झाल्यावर हे दोन्ही पेशीतच विरघळून जातात. मागे राहतो तो फक्त केलेला बदल. वाहन म्हणून विषाणू कुठेच नाही.

हा उपचार सिकलसेलचे बिघडलेले अक्षर दुरुस्त करत नाही, हे लक्षात घ्यायला हवे. तो वेगळी वाट धरतो. गर्भात असताना बाळाच्या रक्तात वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन असते. जन्मानंतर काही महिन्यांत ते कमी होते आणि प्रौढ प्रकारचे हिमोग्लोबिन त्याची जागा घेते. म्हणूनच ‘एसएस’ बाळाला पहिले काही महिने त्रास होत नाही. बीसीएल११ए नावाचे जनुक हा बदल घडवून आणते. कॅसजेव्ही तांबड्या पेशींपुरते ते जनुक मंद करते. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा वाढते आणि पेशी वाकड्या होण्याचे थांबते. अमेरिकेच्या औषध नियामकाने तपासलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने तीव्र वेदनेचा झटका आला नाही. ज्या रुग्णाला वर्षातून अनेकदा वेदनेमुळे रुग्णालय गाठावे लागत होते, त्याच्यासाठी हा फरक केवढा आहे, ते सिकलसेलच्या घरात वेगळे सांगायला नको.

त्याच दिवशी अमेरिकेत ‘लिफजेनिया’ या दुसऱ्या उपचारालाही मंजुरी मिळाली. तो लेंटीव्हायरसवर आधारित आहे आणि त्याच्या माहितीपत्रकावर रक्तकर्करोगाच्या शक्यतेचा ठळक इशारा छापावा लागला. कॅसजेव्हीवर तसा इशारा नाही. विषाणूविना पद्धतीच्या बाजूने हा एक ठोस मुद्दा.

विषाणू नाही, तरी किंमत एवढी कशी?

कॅसजेव्हीची अमेरिकेतील जाहीर किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. लिफजेनियाची ३१ लाख डॉलर. विषाणू वगळल्याने फरक पडला, पण उपचार सामान्यांच्या आवाक्यात आला असे कोणी म्हणणार नाही.

याचे कारण उपचाराच्या पुढच्या-मागच्या टप्प्यांत आहे. आधी औषध देऊन मूळपेशी रक्तात आणायच्या आणि यंत्राने वेगळ्या करायच्या. पुरेशा पेशी मिळेपर्यंत हे अनेकदा करावे लागते. मग त्या कारखान्यात जातात. तिथे बदल आणि तपासणी यांना सहा महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. त्यानंतर रुग्णाला बुसल्फान हे तीव्र केमोथेरपीचे औषध देऊन जुनी अस्थिमज्जा रिकामी करतात, कारण नव्या पेशींना जागा हवी. मग नव्या पेशी शिरेतून सोडतात आणि रुग्णाला चार ते सहा आठवडे जंतुविरहित कक्षात ठेवतात. बुसल्फानमुळे पुढे मूल न होण्याची शक्यता असते. तरुण रुग्णाच्या आई-वडिलांनी हा मुद्दा डॉक्टरांना सर्वात आधी विचारावा, इतका तो महत्त्वाचा आहे.

थोडक्यात, प्रत्येक रुग्णासाठी औषधाचा स्वतंत्र घाणा काढावा लागतो आणि तो देण्यासाठी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केंद्राच्या तोडीचे रुग्णालय लागते. ‘नेक्सकार१९’ची किंमत परदेशातील अशाच उपचारांच्या सुमारे एकदशांश ठेवता आली, तीही विषाणू वापरून. देशात उत्पादन केल्याने काय साधते, हे त्यातून दिसते. ‘बिरसा १०१’कडून हीच अपेक्षा आहे. पण उत्पादन कितीही स्वस्त झाले, तरी महिनाभराचे रुग्णालय, केमोथेरपी आणि सोबत थांबणाऱ्या नातेवाइकाची बुडालेली मजुरी हा खर्च उरतोच.

थेट इंजेक्शन का देता येत नाही?

खरे उद्दिष्ट तेच आहे: पेशी बाहेर न काढता, केमोथेरपी न देता, जिल्हा रुग्णालयात सलाइनमधून देता येईल असे औषध. चरबीच्या कणांनी यकृताच्या बाबतीत हे करून दाखवले आहे. २०२१ मध्ये ट्रान्सथायरेटिन अमायलॉयडोसिस या आजाराच्या सहा रुग्णांना क्रिस्पर थेट शिरेतून दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ते परिणामकारक ठरले. मे २०२५ मध्ये फिलाडेल्फियातील डॉक्टरांनी त्याहून मोठी गोष्ट सांगितली. जन्मतः यकृतात अमोनियाचा निचरा करणारे विकर नसलेल्या एका बाळासाठी, फक्त त्याच्या जनुकातील चुकीसाठी, सहा महिन्यांत औषध बनवून चरबीच्या कणांतून दिले गेले. किरण मुसुनुरू आणि रिबेका अहरेन्स-निक्लस यांच्या गटाने बाळाला एकदा नव्हे, तीनदा मात्रा दिली. विषाणू असता तर दुसरी मात्राही अवघड होती.

मग अस्थिमज्जेसाठी हेच का नाही? कारण हे कण यकृताच्या ओढीचे आहेत. रक्तात शिरताच त्यांच्यावर शरीरातले एक प्रथिन चिकटते आणि यकृताच्या पेशी त्याला कोलेस्टेरॉलचे पार्सल समजून आत घेतात. पत्ता आपण लिहिलेला नसतो, शरीरच लिहिते. रक्ताच्या मूळपेशी हाडांच्या आत दडलेल्या, संख्येने थोड्या आणि बहुतांश वेळ सुस्त असतात. त्यांच्यापर्यंत कण न्यायचे तर कणांवर त्या पेशीचे ‘कुलूप’ ओळखणारी किल्ली लावावी लागते.

असा प्रयत्न झाला आहे. पेनसिल्व्हेनियाच्या संशोधकांनी जुलै २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडले की सीडी११७ या खुणेला चिकटणारे प्रतिपिंड कणांवर लावून उंदरांच्या अस्थिमज्जेतील मूळपेशींपर्यंत आरएनए नेता येतो. उंदीर आणि माणूस यांच्यातले अंतर मोठे आहे. तरी दिशा पटण्याजोगी आहे. आफ्रिकेतील सिकलसेल रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था आणि गेट्स फाउंडेशन यांनी २०१९ मध्ये प्रत्येकी १० कोटी डॉलर देण्याचे ठरवले, ते अशाच ‘शरीरातल्या शरीरात’ उपचारासाठी. विदर्भाची गरज आफ्रिकेसारखीच आहे: रुग्ण अनेक, प्रत्यारोपण केंद्रे लांब.

विषाणू नाही म्हणजे धोका नाही?

हा समज मात्र चुकीचा. ट्रान्सथायरेटिनवरील ज्या औषधाचा उल्लेख वर आला, त्याच्या पुढील चाचणीतील एका रुग्णाच्या यकृताला गंभीर इजा झाल्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये चाचणी थांबवावी लागली. पुढच्या महिन्यात त्या रुग्णाचा मृत्यू झाला. त्याआधी एप्रिल २०२४ मध्ये ‘व्हर्व’ या कंपनीने कोलेस्टेरॉलवरील आपल्या जनुकीय औषधाची चाचणी थांबवली. दोष कात्रीचा नसून चरबीच्या कणांचा असावा, असा कंपनीचा अंदाज होता. तिने लक्ष्य तेच ठेवले, वाहन बदलले आणि नवे औषध पुढे नेले. वाहन हे नुसते वेष्टन नाही, तेही औषधाचाच भाग आहे, हे या प्रकरणाने दाखवले. कात्री नको तिथे चालण्याचा धोका तर विषाणू असो वा नसो, कायम राहतो. त्यासाठी रुग्णांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते.

महाराष्ट्राकडे काय आहे?

बऱ्याच गोष्टी आहेत, पण विखुरलेल्या. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या ‘एमआरएनए’ करोना लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली. परदेशी लशी उणे तापमानात ठेवाव्या लागत होत्या. ही लस पूड स्वरूपात, दोन ते आठ अंशांत राहत होती. म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नेहमीच्या फ्रिजमध्ये. आरएनए स्निग्ध कणांवर लादून, वाळवून, खेड्यापर्यंत नेण्याची ही हातोटी जनुकीय उपचारांना उद्या थेट उपयोगी पडेल. अहमदाबादच्या झायडसची ‘झायकोव्ह-डी’ ही माणसासाठी मंजूर झालेली जगातील पहिली डीएनए लस. ऑगस्ट २०२१ मध्ये तिला परवानगी मिळाली आणि ती सुईविना, द्रवाच्या जोरदार फवाऱ्याने त्वचेत दिली जात होती. महाराष्ट्रात तिच्यासाठी नाशिक आणि जळगाव हे जिल्हे निवडले होते. या लशी आज फारशा चर्चेत नाहीत. त्यातून आलेले कौशल्य मात्र वाया जाऊ देणे परवडणारे नाही.

सिकलसेलसाठी चंद्रपूरला ‘आयसीएमआर’चे हिमोग्लोबिन विकारांवरील संशोधन व नियंत्रण केंद्र आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरातील कार्यक्रमात त्याचे लोकार्पण झाले. यवतमाळला लागून असलेल्या जिल्ह्यात असे केंद्र असणे ही मोठी सोय. उद्या ‘बिरसा १०१’च्या चाचण्या विस्तारतील तेव्हा रुग्ण विदर्भातून घ्यायचे आणि उपचार केंद्र मात्र महानगरात ठेवायचे, असे होऊ नये. नागपूर किंवा सेवाग्राम इथे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची क्षमता आजपासून उभी केली तरच विजेच्या मार्गाचा उपचार या पट्ट्यात देता येईल. सलाइनमधून देण्याच्या औषधाची वाट पाहत हे काम टाळले, तर आजच्या रुग्णांची एक पिढी मधल्या मध्ये जाईल.

आज कळंबच्या रुग्णाने काय करावे?

कॅसजेव्ही कोट्यवधी रुपये घेऊन जे करते, तेच काही अंशी हायड्रॉक्सियुरिया ही स्वस्त कॅप्सूल करते: गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवते. ती आजार मुळापासून काढत नाही. पण नियमित घेतल्यास वेदनेचे झटके आणि रक्त देण्याची गरज कमी होते. तिच्यासाठी ठरावीक काळाने रक्ततपासणी आणि डॉक्टरांची देखरेख आवश्यक असते. ही कॅप्सूल आणि ही तपासणी कळंबच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्याच्या महिन्याला, खंड न पडता मिळते का, हा प्रश्न जनुकीय उपचाराच्या आधीचा आहे. ज्या यंत्रणेला कॅप्सूल पोहोचवता येत नाही, तिला चरबीचे कण पोहोचवता येणार नाहीत.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट. सोल्युबिलिटी चाचणीत शंका आली तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसने खात्री करून घ्यावी, कारण पहिल्या चाचणीत वाहक आणि रुग्ण यांतला फरक कळत नाही. लग्नाआधी दोन्ही बाजूंचा पॅटर्न माहीत असावा. तो लपवण्याकडे अजूनही कल असतो, विशेषतः मुलीच्या बाजूने, आणि त्यामागचे कारण आजारापेक्षा समाजात आहे. सिकलसेल आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत येतो. रुग्णांना एसटी प्रवासात सवलत आहे आणि सरकारी रक्तपेढीत रक्त विनामूल्य मिळते. त्यासाठीचे प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवावे.

‘जीन थेरपीने सिकलसेल कायमचा बरा’ अशा जाहिराती यापुढे मोबाइलवर येतील. भारतात जनुकीय उपचारांसाठी २०१९ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत. प्रत्येक वैद्यकीय चाचणीची नोंद ‘सीटीआरआय’ या सरकारी नोंदवहीत करावी लागते, आणि ती नोंद संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. नोंदणी क्रमांक विचारावा. चाचणीतील औषधासाठी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. कोणी मागितले तर तिथेच थांबावे आणि यवतमाळच्या किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयात जाऊन विचारावे. आणि ‘बिरसा १०१’ची पुढची बातमी येईल तेव्हा किमतीबरोबर आणखी दोन गोष्टी वाचाव्यात: औषध पेशीत कशातून जाते, आणि त्यासाठी रुग्णाला किती दिवस घराबाहेर राहावे लागते.